ओरडणारे डॉक्टर

बाळंतिणीने पाणी मागितलं, तशी खाटेशेजारची आतेसासू म्हणाली, "पाच दिवस पाणी नाही. आपल्यात ओल्या बाळंतिणीला पाणी देत नसतात."

राउंडवर आलेले डॉक्टर टेंबे पूर्वी अशा वेळी वॉर्ड डोक्यावर घेत. पण नुकतेच ते जिल्ह्याला 'रुग्णांच्या परंपरांचा आदर' हे प्रशिक्षण घेऊन आले होते. त्यांनी आतेसासूला नमस्कार केला. "आजी, तुमच्या प्रथेमागची भावना मी समजतो." बाळंतिणीची भावना विचारायची राहिली; ती बहुधा जेवणानंतरच्या सत्रात होती आणि टेंबे जेवून निघाले होते.

आतेसासूला डॉक्टर फार आवडले.

सासू मात्र त्यांच्या मागोमाग व्हरांड्यात आली. "साहेब, हे काय केलंत? माझ्या बाळंतपणांतही याच वन्सं राखणीला होत्या. तहान काय असते ते मला विचारा. म्हटलं, तुम्ही माझ्यावर ओरडाल, मी मुकाट्यानं सुनेला पाणी पाजीन आणि घरी तुमचं नाव सांगून मोकळी होईन."

"पाणी द्यायलाच हवं, पण आता ओरडायचं नसतं हो," टेंबे कळवळून म्हणाले. "मी आजींना उद्या हळूहळू समजावतो."

"उद्यापर्यंत तिचा घसा थांबतोय होय," म्हणत सासूने तिथल्याच नळावर तांब्या भरला. आत जाऊन तिने तो सुनेच्या हातात दिला आणि पदराने डोळे पुसत नणंदेला म्हणाली, "काय बाई तोंड त्या डॉक्टरांचं, वन्सं. माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला त्यांनी."