कडब्याची गंजी

गुऱ्हाळात उसाचा उकळता रस उडून तोंड भाजलं, तेव्हापासून शहादेव गावात गेला नव्हता. चकलांब्याच्या दूध संस्थेची गाडी आली की बांधावर किटली ठेवून कडब्याच्या गंजीमागं लपे. कोकणातून आलेला गाडीवाला सावंत दूध ओतताना गंजीलाच विचारी, “शहादेवभाऊ, जेवलात का?” गंजी ‘हो’ म्हणे. गाडी गेल्यावर शहादेव किटलीची कडी मुठीत धरून बसे, सावंतच्या हाताची ऊब जाईपर्यंत. दुष्काळात म्हशीनं गंजी संपवली आणि परवा तीही आटली. गाडी थांबायचं कारण उरलं नव्हतं. तरी आज रिकामी किटली ठेवून तो उघड्यावर उभा राहिला. सावंतनं किटली उचलली. “हलकी कशी?” “म्हैस आटली.” “मग ठेवलीत कशाला?” शहादेवनं भाजल्या गालावरचं उपरणं काढलं. “तुमी थांबावं म्हनून.” सावंतनं गाडी बंद करून तळहात त्या गालावर ठेवला. “कोरा चहा टाकतोस का, शहादेव?”