तिसऱ्या दिवसाचा फेस

“फेस काय बघतोस वेंझल, तळ बघ, तळ! आपलं विरजण गुमान खाली जाऊन बसतं आणि तिथूनच काम करतं.” बापाचा हा आवाज साठ वर्षांपूर्वीचा, पण तळघराच्या पायऱ्या वेंझल उतरू लागला, की तोही मागोमाग उतरायचा. आज मात्र वेंझलनं बिअरच्या पिंपावरचं फडकं काढलं आणि तळ बघायला जागाच राहिली नव्हती.

फेस वीतभर वर आला होता. दाट, तपकिरी, मऊ. फुगलेलं पीठ परातीबाहेर डोकवावं तसा. घरच्या विरजणालाही फेस यायचा, नाही असं नाही; पण दोन बोटं, आणि तिसऱ्या दिवशी इतका माज कधीच नाही. वेंझलनं वाकून वास घेतला. माल्टच्या भाजक्या गोडीखाली कुठेतरी पिकलेल्या सफरचंदाचा वास होता.

“हाइको! खाली ये.”

जावई खाली आला. पाच वर्षं याच घरात राहत होता, तरी वेंझलच्या लेखी काल आलेला. ऱ्हाइनकाठचा माणूस, आणि तिकडची बिअर वर उसळणाऱ्या विरजणाचीच. नोव्हेंबरात संत मार्टिनच्या दिवशी गावच्या सामाईक भट्टीतला घराचा हक्क वेंझल त्याच्या नावे करणार होता. भट्टीत माल्टचा काढा सगळ्यांसाठी एकाच कढईत उकळायचा. मग ज्यानं त्यानं तो घरी नेऊन आंबवायचा. विरजण तेवढं शेजाऱ्याकडून मागून आणायचं.

“काय घातलंस यात?”

“विरजण.”

“कुठलं?”

“आपलंच, बाबा. अलोइसकाकांकडून किटलीत आणलं, नेहमीसारखं.”

“वाटेत किटली कुठे टेकवलीस?”

“टेकवतोय कुठे? दोन घरं टाकून तर राहतात ते.”

“दोन घरांच्या वाटेत काय काय होतं, ते मला नको शिकवू. जावईबापूंना माहेरची आठवण आली, असं सरळ सांग ना!”

हाइको हसला नाही. “चव तरी बघा. गोडी कशी उतरलीय ते.”

“चव मला कळते. ती कुणाच्या घरची, ते कळायला हवंय.”

वेंझलनं खिडकीतूनच अलोइसला हाक मारली. साऱ्या गावात विरजण जपावं तर अलोइसनं. कुणाचं नासलं, आटलं, की किटली त्याच्याच दारी जायची. वसंतात त्याची बायको हेडविग गेल्यापासून तो फारसा बोलत नसे, पण बोललाच तर त्यावर गावात दुसरा शब्द नसे.

अलोइस एकेक पायरी चाचपत उतरला. पिंपाशी उभा राहिला.

“आता तूच सांग,” वेंझल म्हणाला. “तुझ्या बरणीतलं विरजण कधी असं उधळलंय?”

“नाही.” अलोइसचे डोळे फेसावर होते. “माझ्याकडून... माझ्याकडून नेहमीचंच गेलं.”

“ऐकलंस?”

हाइकोनं अलोइसकडे बघितलं, एकदाच.

“काका म्हणतायत, तर तसंच असेल,” तो म्हणाला.

वेंझलला आणखी काय हवं होतं! पाच वर्षं मनात जे कुरतडत होतं, ते आज आपल्या पायांनी उजेडात आलं. “संत मार्टिनचं आता विसर,” तो म्हणाला. “रेगिनाला मी सांगतो, माझी मुलगी आहे ती. समजेल तिला.” आणि त्यानं पिंपाचा नळ सोडला.

खिडकीतल्या उजेडातून तांबूस धार पडली, मधासारखी, आणि फरशीवर पसरत निघाली. हाइको कोपऱ्यातला खराटा उचलून ती मोरीकडे लोटू लागला. रोज पाणी लोटावं तसाच, कडेकपारीत थेंब राहू न देता. खराट्याचा आवाज तेवढा येत राहिला.

“नळ बंद कर, वेंझल.”

“तू मध्ये पडू नकोस, अलोइस.”

“मध्येच आहे मी.” अलोइसनं स्वतःच पुढे होऊन नळ फिरवला. “हेडविग दवाखान्यात होती ना. आठ आठवडे मी तिच्या उशाशी. घरी आलो तर बरणी काळी पडलेली. मेलं रे ते विरजण! माझ्या आज्यापासूनचं, माझ्या हातात मेलं. गावाला काय तोंड दाखवू? शहरातून विरजणाची पुडी आणली. निघाली ती ही, वर येणारी. मे महिन्यात माझ्या ओसरीवर तीन मग रिचवलेस आणि वाहवा केलीस, ती हिचीच.”

वेंझल नळापासून मागे सरला. “मग हा मागायला आला, तेव्हा का नाही बोललास?”

“दुसरं कुणी आलं, तर काहीबाही सबब सांगून परत पाठवलं. याला दिलं.” अलोइसनं मान वर केली आणि पहिल्यांदाच हाइकोकडे बघितलं. “फेस आला, तर तुम्ही सगळे याच्याकडेच बोट दाखवाल, हे ठाऊक होतं मला. म्हणून तर दिलं.”