जुन्या कवड्या

उमादेवी हाळी गावाला एस.टी.तून उतरली. मधी दोन माणसं जाऊ दिली आणि पदर पुढं ओढून सरजाबाई तिच्या मागोमाग उतरली.

औशापासून ती अशीच मागच्या बाकावर अंग चोरून आली होती. ही बाई कवड्या आणते कुठून, ते आज बघायचंच होतं. कवड्यांचं तोरण कसं ओवायचं, गाठ कशी मारायची, हे उमादेवीला तिनंच शिकवलेलं. पण लातूर जिल्हा झाला, नव्या साहेबांच्या बायका क्वार्टरांत राहायला आल्या, आणि सरजाबाई तोरणं घेऊन गेली की त्या विचारू लागल्या, "त्या उमाबाईंसारखी नाहीत का, जुन्या कवड्यांची?" सरजाबाईच्या कवड्या लातूरच्या गंजगोलाईतल्या दुकानातल्या. महागाच्या, पांढऱ्याफेक. उमादेवीच्या पिवळट, लोण्यासारख्या गुळगुळीत. आणि पडतात म्हणे जवळजवळ फुकट. ते 'फुकट' ऐकल्यापासून सरजाबाईला घास गोड लागत नव्हता.

उमादेवी बैलबाजारात शिरली.

बाजार गच्च भरला होता. पाऊस यंदाही गेलेला. कडबा संपला तसा लोकांनी दावणी मोकळ्या करायला काढल्या होत्या. बरगड्या मोजून घ्याव्यात असे बैल, रुमालाखाली बोटं धरून चाललेले सौदे, आणि पलीकडं फळ्या टाकून उभे असलेले ट्रक. व्यापारी नुसतं जनावर नेत होते. गळ्यातल्या घुंगरमाळा, कवड्यांच्या माळा ज्याच्या त्याच्या हातात मागं राहत होत्या.

एका जोडीपुढं उमादेवी थांबली. पिशवीतून भाकर काढून तिनं चतकोर मोडली आणि बैलाच्या तोंडापुढं धरली.

"काय नाव ह्याचं?"

"पवळ्या," बैलाजवळची बाई म्हणाली. तिनं स्वतःच त्याच्या गळ्यातली माळ सोडली आणि उमादेवीच्या पिशवीत टाकली. उमादेवीनं तिच्या हातावर काय ठेवलं, ते तिनं बघितलंसुद्धा नाही.

ट्रकच्या आडून सरजाबाई बघत होती. असं हाय व्हय, ती मनात म्हणाली. चतकोर भाकर आणि एक नाव. एवढ्यावर हिचं दुकान चाललंय.

ती उलट बाजूनं निघाली. कडेला एक म्हातारा एकाच बैलाचा कासरा धरून बसला होता. बैलाच्या गळ्यात तीन पदरी माळ होती, कवडी न् कवडी एकसारखी. अशी माळ तिनं जन्मात पाहिली नव्हती. दुपारसाठी बांधून आणलेली भाकर तिनं सोडली आणि चतकोर नाही, अख्खी बैलापुढं धरली. बैलानं ती दोन घासांत संपवली.

"काय नाव ह्याचं, मामा?"

म्हाताऱ्यानं मान वर केली. "माळ पायजे का?"

"हाव. दुकानाचा भाव देते."

"न्हाई द्यायची."

"का? इकायलाच आणलाव की."

"बैल इकायला आणलाय," म्हातारा म्हणाला. "माळ त्या बाईला द्यायची हाय. मागल्या बाजारी आमच्या गावच्यांच्या माळा तिनंच नेल्या. ती येऊ द्या."

सरजाबाईची कानशिलं तापली. हिच्या हातची गाठ आपली, धंदा आपला, आणि आता मोल मोजूनही वस्तू मिळायची ती हिच्या नावानं. ती वळणार, तोच उमादेवी समोर उभी.

"सरजाक्का? तुमी?" तिनं एकदा बैलाकडं, एकदा सरजाबाईच्या रिकाम्या फडक्याकडं बघितलं. "सांगितलं असतं तर संगंच आलो असतो की." मग म्हाताऱ्याला म्हणाली, "शिवप्पा आजा, माळ ह्यांनाच द्या. मला ह्यांनीच शिकवलंय."

शिवप्पानं माळ सोडली. सरजाबाईच्या हातात देताना तो तिच्याकडं बघत नव्हता. ती माळ जड होती, बैलाच्या अंगानं कोमट झालेली.

मिळाली. हवी होती तीच मिळाली. पण शिवप्पा आता बैलाच्या वशिंडावर हात ठेवून उमादेवीशी हळू आवाजात काहीतरी बोलत होता, आणि ती नुसती मान हलवत होती. सरजाबाई चार हातांवर उभी होती. तिला एक शब्द ऐकू आला नाही. तेवढ्यात व्यापाऱ्याचा माणूस आला आणि कासरा घेऊन गेला.

परतीच्या एस.टी.त दोघी एका बाकावर बसल्या. लातूर मागं पडलं. सरजाबाईच्या मांडीवरच्या माळेत बैलाचे पांढरे केस अडकले होते.

"काय नाव सांगितलं त्यानं?" शेवटी तिनं विचारलं.

"मी इचारलंच न्हाई."

"मग एवढं काय बोलत होता?"

"रातच्याला उठून गोठ्यात जायची सवय हाय म्हणला. आज जाग आली तर कुठं जाऊ, असं इचारत होता."

"मग तू काय सांगितलंस?"

"काय सांगणार अक्का?"

खिडकीतून धूळ आत येत होती. सरजाबाईनं माळ पदराखाली घेतली.

"भाकर तर मीच दिली होती," ती म्हणाली. "अख्खी दिली होती."