बिनसाखरेचा चहा

“अंघोळ स्वतःची स्वतः करतात?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“हो.”

“रस्ता एकटे ओलांडतात?”

“हो.”

त्या फॉर्मवर खुणा करत गेल्या. तीन वर्षांपूर्वी बॅडमिंटन खेळताना माझ्या नवऱ्याचं हृदय बंद पडलं होतं. हॉस्पिटलातल्या यंत्रानं त्याचं रक्त शरीराबाहेरून फिरवत ठेवलं, म्हणून तो वाचला. “इतके छान बरे झालेले पेशंट फार कमी,” बाई म्हणाल्या. “स्वभावात काही फरक?”

मी तोंड उघडणार, तोच हा माझ्याकडे वळून म्हणाला, “अहो, तुम्ही दमला असाल. पाणी आणू का?”

“बघा, बायकोला किती मान देतात!” म्हणत त्यांनी ‘उत्तम’ लिहिलं.

सव्वीस वर्षं हा मला चारचौघांत ‘अगं ए’ म्हणून हाक मारायचा. त्यावरून मी किती भांडले होते! शुद्धीवर आल्यापासून मात्र ‘अहो’ म्हणतो, लांबून आलेल्या पाहुण्यासारखा.

घरी आल्यावर मी त्याला रोजच्यासारखा मुद्दाम बिनसाखरेचा चहा दिला. पूर्वी एकदा साखर विसरले होते, तर खालच्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं होतं, “अगं ए, साखर!”

साखरेचा डबा हातात धरून मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहिले. बाहेर कप बशीत ठेवल्याचा आवाज झाला.

“अहो,” तो म्हणाला, “चहा फार छान झाला होता हं.”