आजचा भाव

"पप्पा, लादी दाखवा मा," एल्रॉय म्हणाला, तसा मिंगेलने मोबाइल वळवून नवी पडवी दाखवली. करड्या रंगाची लादी बसली होती. कोपऱ्यात गंगाराम गवंडी उकिडवा बसून सांधे भरत होता.

शुक्रवार होता. कुवेतमध्ये सुट्टी. मुलगा चर्चमधून नुकताच खोलीवर आला होता, आणि त्याच्या शेजारी खाटेवर रोडेल बसला होता. त्याच खोलीत राहणारा, फिलिपिन्सचा, वयाने चाळिशीचा.

"हाऊस व्हेरी नाइस, पापा," रोडेल हसून म्हणाला. मग त्याने स्वतःच्या छातीवर हात ठेवला. "हार्ट? नाऊ ओके?"

त्यांच्यात अशीच विचारपूस करत असतील असं मिंगेलला वाटलं. "ओके, ओके," तो म्हणाला. "एल्रॉय, तेका सांग, इंडियात इलो तर हयच येवक व्हया. सुंगटांचा सार घालतंय."

एल्रॉयने कोळंबीच्या साराचं इंग्रजीत सांगितलं. रोडेलने अंगठा उंचावला.

"आनी तेचे पैसे दिलंस मा?" मिंगेलने सहज विचारलं.

"दिलंय. परवा."

"परवा? दोन दिवसांसाठी घेतलेलंस."

"कंपनीन पगार वीस दिवस लांबवल्यान, पप्पा."

ते पैसे उसने घेतले त्या दिवशी टीव्हीवरचा माणूस रुपया घसरल्याचं काळजीच्या सुरात सांगत होता आणि मिंगेल चहा अर्धा टाकून फोनकडे धावला होता. दिनार दोनशे चौऱ्याऐंशीवरून दोनशे नव्वदवर गेला होता. आजच्या आज धाड, फाल्या हो भाव ऱ्हवाचो नाय. पोराने पगार झालेला नाही म्हटल्यावर, मगे कोणाकडसून घे. एल्रॉय 'पण पप्पा' असं म्हणाला होता खरा. मिंगेलने तोवर फोन ठेवला होता. संध्याकाळपर्यंत दोनशे दिनारांचे रुपये खात्यात आले. बाराशे रुपये जास्त. ते त्याने कट्टा गावच्या बाजारात चार जणांना सांगितलं, गंगारामलाही सांगितलं. दुसऱ्या दिवशी भाव तिथेच होता. परवा तर आणखी तीन रुपये वर होता.

"तेचा काय अडला नाय मा?" त्याने विचारलं.

एल्रॉयने शेजारी पाहिलं. रोडेलला मालवणीतला एक शब्द कळत नव्हता. तो दोघांकडे आलटून पालटून पाहत हसत होता.

"तेच्या चेडवाची फी भरूची होती," एल्रॉय म्हणाला. "नर्सिंगच्या कॉलेजाची. ते पैसे तेणी त्यासाठीच ठेवलेले. तारीख गेली. त्यात तेंचो पेसो वर चढलो, तितक्याच दिनारात पैसे कमी पडले. आता पुढच्या वर्षी बघूया म्हणता. चेडू एका दुकानात कामाक ऱ्हवलाहा."

पोरीचं ऐकून मिंगेल लादीवर बसला. लादी ओली होती. गंगाराम काहीतरी बोलला, ते त्याला ऐकू आलं नाही.

"आनी माका तू आता सांगतंस?"

"तुमी खंय विचारलास, पप्पा? तुमी भाव विचारलास."

पोरगा चिडून बोलला नव्हता. चिडला असता तर बरं झालं असतं.

"चेडवाच्या फीचे पैसे तेणी दिल्यान तरी कसे?" मिंगेलने विचारलं. "भावासाठी?"

 एल्रॉय मान खाली घालून म्हणाला, "भावासाठी कोण देतलो? मी तेका सांगितलंय, पप्पा हॉस्पिटलात आसत. हार्ट."

मिंगेलचा हात आपोआप छातीकडे गेला. ते पाहून रोडेल पुढे सरकला. "पेन, पापा?" त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. "टेक रेस्ट. आय प्रे. एव्हरी फ्रायडे, आय प्रे."

"नो पेन," मिंगेल म्हणाला. त्याला पुढचे इंग्रजी शब्द सुचेनात. "एल्रॉय, तेचे उणे पडले तितके मी धाडतंय. लादीचे ऱ्हवले तर ऱ्हवले."

"काय म्हणान देतलास?"

मिंगेल लादीवरून उठला.

"मगे तेका खरा सांग. आत्ताच सांग. नायतर फोन तेच्याकडे दी, मी सांगतंय."

"पप्पा," एल्रॉय हळूच म्हणाला, "माका ह्याच खोलयेत ऱ्हवाचा आसा."

 बोलणं संपलं असं रोडेलला वाटलं असावं. त्याने एल्रॉयच्या हातातून फोन घेतला, डोळे मिटले आणि डोकं वाकवलं. मिंगेलच्या हातातल्या मोबाइलवर आता फक्त त्याचं कपाळ दिसत होतं, उन्हाने रापलेलं, मधोमध एक जुना वण.

"ह्या काय करता तो?"

"बेसांव मागता," एल्रॉयचा नुसता आवाज आला. "आशीर्वाद. तेंच्यात बापायच्या वयाच्या माणसाचो हात कपाळाक लावन घेतत."

मिंगेलने हात उचलला. बोटं मोबाइलच्या काचेपर्यंत गेली आणि तिथेच थांबली. कपाळ जवळ येऊन वाट पाहत राहिलं.