काचेबाहेरची बाहुली

२०१८ साली सत्तरीच्या कुमुदताई नातीबरोबर पुण्याच्या प्रदर्शनात आयुष्यातली पहिली बाहुली घ्यायला गेल्या. सांधे वळणाऱ्या दोन बाहुल्या समोर होत्या, एक कडक रेझिनची, एक मऊ प्लास्टिकची म्हणजे व्हिनाइलची.

"आजी, रेझिनची घे," मुक्ता म्हणाली. "वजनदार आहे, बसवशील तशी बसते, चेहरा किती कोरीव. फक्त पडली तर टवका उडतो. व्हिनाइलची हलकी, पडली तरी चालतं, पण नाकीडोळी बेताची."

"रेझिनची ठेवायची कुठे?"

"काचेच्या कपाटात. हात कमी लावायचा."

कुमुदताईंनी व्हिनाइलची बाहुली हातात घेतली. लहानपणी मामांनी परदेशातून आणलेली बाहुली आईने अशीच शोकेसमध्ये कुलपात ठेवली होती. खेळून खराब होईल म्हणे. कुमुदचं लग्न झाल्यावर आईने ती आपल्या लहानग्या भाचीला देऊन टाकली. भाचीने आठवड्यात बाहुलीचा हात मोडला. सासरी ते ऐकून कुमुदला त्या पोरीचा हेवाच वाटला होता.

"मला व्हिनाइलचीच हवी," त्या म्हणाल्या. "बेताची तर बेताची."

मुक्ता आता जर्मनीत असते. तिने त्याच दिवशी स्वतःसाठी घेतलेली रेझिनची बाहुली खोक्यात नवीकोरी आहे. आईला जाऊन तर तीस वर्षं झाली. कुमुदताई रोज दुपारी बाहुलीची वेणी घालतात, आणि घालता घालता पुटपुटतात, "बघ गं आई, खेळले तरी काही झालं नाही हिला."