निरगुडीचं तेल

लेक पौर्णिमाने स्वतःच्या मनाने लग्न केलं, तेव्हापासून शालिकरामने घरात तिचं नावही काढू दिलं नव्हतं. या पावसाळ्यात त्याचा गुडघा धरला, तशी त्याची बायको रुख्माबाई दर बाजाराला निरगुडीच्या तेलाची शिशी आणू लागली.

"परसवाड्याले एक बाई विकते," ती म्हणाली. कोण बाई, हे त्याने कधी विचारलं नाही. रोज संध्याकाळी ती गुडघा चोळून द्यायची आणि तो डोळे मिटून पडून राहायचा.

पोळ्याच्या सुमारास तिने त्याला धानाच्या बांधीत उकिडवं बसून निंदताना पाहिलं. उठतानाही त्याने कशाचा आधार घेतला नाही. संध्याकाळी मात्र त्याने पुन्हा पाय लांब केला.

"अजून दुखून राह्यला. आणखी एक शिशी आणजो."

"काहून लबाड बोलता? दुपारी तं चांगले निंदून राह्यले होते."

शालिकरामने गुडघ्यावरून हात फिरवला.

"मी बरा झालो म्हणून सांगशील," तो हळूच म्हणाला, "तं पौर्णिमा तेल पाठवणं बंद करल."